चिखलाचा जांभळा, पळणारा ठेका

मिरजेतल्या आमच्या शाळेत चित्रकला आणि संगीत या दोन विषयांना मिळून एकच खोली आहे. एका भिंतीशी तबल्याच्या दोन जोड्या, हार्मोनियम आणि लेझिमांचा ढीग; समोरच्या भिंतीशी माझे रंग, केस गळालेले ब्रश आणि पाण्याचे डबे. मी चित्रकलेचा मास्तर. संगीताच्या बाई माझ्याहून सीनिअर आणि माझ्याहून कडक. त्यांचा तास चालू असताना मी कोपऱ्यात बसून वह्या तपासतो, माझ्या तासाला त्या तबला लावत बसतात. असं बरीच वर्षं चाललं आणि मग ध्यानात आलं की आमचं दुखणं एकच आहे. पोरांना रंगांची नावं येतात, पण रंग दिसत नाही. तालाचे बोल तोंडपाठ असतात, पण लय हाताला लागत नाही.

आधी माझ्या बाजूचं सांगतो. पाचवीच्या वर्गात जाऊन विचारा, लाल आणि निळा मिळून काय होतं? अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, ‘जांभळा!’ मग बाटल्या उघडायला सांगा. दहा मिनिटांत निम्म्या बशांमध्ये जांभळ्याऐवजी काळपट, विटकरी चिखल दिसतो. ‘सर, रंग खराब निघाला.’ रंग खराब नसतो. पोस्टर कलरच्या पेटीत लाल साधारण दोन असतात: स्कार्लेट, जो शेंदराकडे झुकतो, आणि क्रिमझन, जो किरमिजी असतो. स्कार्लेटमध्ये पिवळ्याचा अंश असतो. प्रशियन ब्लू हिरव्याकडे झुकलेला, म्हणजे तिथेही पिवळा लपलेला. हे दोघे एकत्र आले की लाल, निळा आणि पिवळा असे तिघे एका बशीत येतात आणि एकमेकांना मारतात. रंगद्रव्य प्रकाशातला काही भाग शोषून घेतं आणि उरलेला परत पाठवतं. तिघांनी आपापला भाग शोषला की परत यायला फारसं काही उरत नाही, तोच हा चिखल. क्रिमझनमध्ये अल्ट्रामरीन घातला की मात्र झकास जांभळा येतो.

हे मी फळ्यावर लिहीत नाही. दोन लाल, दोन निळे, दोन पिवळे एवढेच रंग देतो आणि चौकटी आखायला लावतो. लालांची निळ्यांशी जोडी लावली की चार जांभळे, पिवळ्यांची निळ्यांशी लावली की चार हिरवे. लेमन यलो आणि प्रशियन ब्लूमधून पोपटी निघतो, क्रोम यलो आणि अल्ट्रामरीनमधून शेवाळी. एका पोरीने शेवाळ्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘सर, हा चुकलाय का?’ मी तिला खिडकीबाहेरचं चिंचेचं झाड दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं, मग पोपटी बशी बाजूला सारली आणि शेवाळीच ब्रशवर घेतला. त्या तासाला मला अधिक काही शिकवावं लागलं नाही.

एखादं कार्टं हमखास विचारतं, ‘पण सर, मोबाइलमध्ये तर लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो!’ खरं आहे. पांढऱ्या स्क्रीनवर पाण्याचा बारीक थेंब ठेवून बघा, थेंब भिंगाचं काम करतो आणि लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतात. तिथे प्रकाशात प्रकाश मिसळत असतो, शोषला काहीच जात नाही. आणि तुमच्या हातातलं हे मासिक छापणारा छापखाना सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा वापरतो. तेव्हा ‘मूळ रंग तीन’ हे पाठ केलेलं वाक्य म्हणजे कामापुरती सोय आहे, हे पोरांना लवकर कळलेलं बरं.

मिश्रणं जमली तरी रंग दिसायला लागतो असं नाही. त्यासाठी मी जे करतो त्याचं मूळ पॅरिसमधल्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात आहे. भिंतीवर टांगायची चित्रं तिथे लोकरीच्या धाग्यांनी विणत. १८२४ साली शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो. शेव्ह्रल यांनी इतर कारखान्यांची काळी लोकर मागवून शेजारी धरली. गोबलँची काळी कुठेच कमी नव्हती. दोष शेजाराचा होता. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या संगतीत तोच काळा मरगळलेला दिसत होता. त्यावर त्यांनी १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. काळ्या रंगाची एक तक्रार एवढ्या लांब गेली याचं मला अजून कौतुक वाटतं.

आमच्या खोलीत हेच काम दोन रुपयांच्या घोटीव कागदावर होतं. एक पिवळा कागद, एक गडद जांभळा, आणि एकाच पुठ्ठ्यातून कापलेल्या दोन करड्या पट्ट्या. पिवळ्यावरची पट्टी काळसर, निळसर दिसते. जांभळ्यावरची उजळ आणि किंचित पिवळट. पोरं पैज लावतात की मी दोन वेगळे पुठ्ठे कापलेत. मग पट्ट्या उचलून एकमेकींना चिकटवून दाखवायच्या. कळलं तरी पट्ट्या परत ठेवल्या की पुन्हा वेगळ्याच दिसतात, हे त्यांना सगळ्यात जास्त खटकतं. जोसेफ आल्बर्स या थोर शिक्षकाने १९६३ च्या आपल्या पुस्तकात रंगाऐवजी रंगीत कागदच वापरायला सांगितलं. कालवाकालव नाही आणि लक्ष फक्त शेजारावर. गरीब शाळेला याहून सोयीचा गुरू मिळायचा नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत हे सगळं मागे पडतं याचा मला राग आहे. संकल्पचित्रासाठी क्लासवाले रंगसंगती घोकून घेतात, उष्ण रंग मध्ये, शीत रंग कडेला. ग्रेड मिळते, दहावीला वाढीव गुण मिळतात, पण आपण तिथे नारिंगी का दिला हे पोराला सांगता येत नाही.

एक गोष्ट शिक्षकांनी मात्र ध्यानात ठेवावी. पानं सतत तपकिरी रंगवणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्यावेत. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा दोष मुलींपेक्षा मुलांमध्ये कितीतरी जास्त आढळतो, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. ठिपक्यांच्या चकतीत लपलेला आकडा ओळखायची इशिहारा चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होते. अशा मुलाच्या बाटल्यांवर मी नावं ठळक लिहितो. त्याला फिका-गडद हा भेद इतरांपेक्षा बारकाईने दिसतो, असा माझा अनुभव आहे.

आता बाईंची बाजू. स्नेहसंमेलनाच्या आधी लेझीम बसवायची असते. हलगीवर हात पडतो, पहिली चार पावलं देखणी पडतात आणि मग सगळा ताफा गाडी चुकल्यासारखा पळायला लागतो. हलगीवाला पोरांमागे पळतो, पोरं हलगीमागे. बाई याला ‘लय धावली’ म्हणतात आणि लेझिमा खाली ठेवायला लावतात.

पोरं पळतात ती खोडसाळपणाने नाही. ‘टेबलावर बोट वाजव, तुला बरं वाटेल त्या वेगाने’ असं सांगितलं तर लहान मुलं मोठ्यांपेक्षा जलद वाजवतात, हे संशोधकांनी मोजून पाहिलेलं आहे. वय वाढतं तसा हा वेग उतरत जातो. म्हणजे मास्तरांची मध्य लय पोराला मुळातच रेंगाळणारी वाटते. दुसरं, जोर आणि वेग यांची पोरं गल्लत करतात. मोठ्याने म्हटलं की जलद, हळू आवाजात म्हटलं की संथ. बाईंचा उपाय साधा आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना, आधी कुजबुजत भरभर म्हणायच्या, मग घसा फोडून पण संथ. ‘ओरडा रे, पळू नका!’ हे वाक्य शेजारच्या वर्गालाही पाठ आहे.

खरी मेख दुगुनीत आहे. दुगुन म्हणजे वेग वाढवणं, असं मलाही वाटायचं, कारण कानाला तसंच ऐकू येतं. पण मात्रा आहे तिथेच राहते, तिच्या पोटात एकाऐवजी दोन बोल बसतात. तीनतालाचे सोळा बोल आठ मात्रांत आटोपतात, पण मात्रेची चाल बदलत नाही. बाई पोरांना खोलीभर गोल चालवतात. पाय मात्रेवर, तोंडात बोल. पहिल्या फेरीत पावलाला एक बोल, दुसऱ्या फेरीत दोन. तोंडाचं काम दुप्पट झालं की पायही पळू पाहतात, तेव्हा बाई पुढच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवतात आणि सगळी रांग सावरते.

मी एकदा त्यांना म्हटलं, मोबाइलवर मेट्रोनोम लावा की. माल्त्सेलने १८१५ साली पेटंट घेतलेलं यंत्र आता फुकट मिळतं. बाई म्हणाल्या, ‘मोठ्यांना लावा. लहान पोर माणसाबरोबर चालतं.’ पुढे वाचनात आलं की जर्मनीतल्या लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेत हेच तपासलं होतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात अडीच ते साडेचार वर्षांची मुलं ढोल बडवणाऱ्या यंत्रापेक्षा समोर बसून वाजवणाऱ्या माणसाशी अधिक चांगली जुळवून घेत होती. मी तो कागद बाईंना नेऊन दाखवला. ‘एवढ्यासाठी जर्मनी?’ म्हणाल्या.

संथ लय शिकवणं सगळ्यात अवघड. आमच्या गावाला त्याची एक सोय आहे: गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ इथेच राहिले, १९३७ साली गेले तेव्हा त्यांचं दफन मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं आणि उरुसात तिथे गाणं होतं. मोठी मुलं आम्ही घेऊन जातो. विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालतं. पोरं पहिल्यांदा विचारतात, ‘बाई, गाणं सुरू कधी होणार?’ मग बाई एकेकाच्या मांडीवर एका मात्रेचे चार तुकडे बोटाने वाजवून दाखवतात. लांबच्या लांब मात्रा तबलजी अशीच आत मोडून घेतो, म्हणून ती त्याच्या हातून सुटत नाही. बोटावर मोजायला काही मिळालं की पोरं चुळबुळ थांबवतात. सगळी थांबत नाहीत, हेही खरं.

दोन्ही तास जोडून घ्यायची कल्पना करड्या पट्ट्यांवरून सुचली. बाईंनी अर्ध्या वर्गाला बाहेर पाठवलं. आत उरलेल्यांना आधी अगदी संथ केहरवा ऐकवला, मग मधल्या वेगाचा. मग बाहेरच्यांना आत घेऊन आधी द्रुत ऐकवला आणि पाठोपाठ तोच मधला, तेवढ्याच वेगाचा. मधला ठेका कसा होता ते कागदावर लिहायला सांगितलं. पहिल्या गटातल्या बहुतेकांनी लिहिलं ‘जलद’, दुसऱ्या गटाने ‘हळू’, आणि एकाने ‘कंटाळवाणा’. दोन्ही गटांचे कागद वाचून दाखवल्यावर जी भांडणं झाली ती तासाची घंटा वाजली तरी मिटली नाहीत. कोणीतरी ओरडलं, ‘अरे, पट्टीसारखंच आहे हे!’ करडी पट्टी जशी जांभळ्या कागदावर उजळते, तसा मधला ठेका संथपणाच्या शेजारी जलद होतो. आम्ही दोघांनी हे सांगायचं मुद्दाम टाळलं होतं.

घरी करून बघायचं असेल तर चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. दोन लाल, दोन निळे, दोन पिवळे आणि एक मोठी पांढऱ्याची बाटली पुरे. यंदा शाळेच्या यादीत मी एवढंच लिहिलं, तर एका पालकांचा फोन आला की हिरवा लिहायचा राहून गेलाय. मी त्यांना म्हटलं, मुलीला विचारा, तिच्याकडे चार आहेत.