शिंजुकूचे ३५ लाख प्रवासी: आकडा वापरण्याआधी काय विचाराल?



संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "डेटा मिळाला, आता पुढे काय?" पुढचं नंतर बघू. आधी तो डेटा कोणी आणि कसा मोजला, ते शोधा. आज हे एका स्टेशनच्या उदाहरणातून समजून घेऊ.

तोक्योचं शिंजुकू स्टेशन १८८५ साली सुरू झालं. आज तिथे पाच वेगवेगळ्या संस्थांच्या गाड्या येतात. जेआर ईस्टचे यामानोते, चुओ, साइक्यो वगैरे मार्ग, ओदाक्यू आणि केइओ या खासगी रेल्वे, आणि तोक्यो मेट्रो व तोएई यांचे भुयारी मार्ग. बाहेर पडायचे रस्तेच दोनशेच्या वर! जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे. 'दिवसाला साधारण ३५ लाख प्रवासी' हा आकडा तुम्हीही कुठेतरी वाचला असेल.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी या संस्थांचे २०१८ चे आकडे एका तक्त्यात मांडले. जेआर ईस्ट: रोज पावणेआठ लाखांच्या वर. केइओ: तेही पावणेआठ लाखांच्या वर. 'दोघांवर जवळपास सारखाच भार' असा निष्कर्ष लिहून मी मोकळा झालो. गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "प्रवासी म्हणजे कोण रे?"

उत्तर तळटीपेत होतं, आणि मी ती वाचलीच नव्हती. जेआर ईस्ट फक्त गाडीत चढणारे मोजते. केइओ चढणारे आणि उतरणारे दोन्ही मोजते. म्हणजे तुलना करायची तर जेआरचा आकडा अंदाजे दुप्पट करायला हवा. माझा निष्कर्ष तिथेच कोसळला.

आता थोडं पुढे जाऊ. समजा, एक बाई ओदाक्यूने आल्या आणि जेआरमध्ये चढल्या. ओदाक्यूच्या हिशोबात एक उतरणं, जेआरच्या हिशोबात एक चढणं. सगळ्यांची बेरीज केली की त्याच बाई एका सकाळी दोनदा मोजल्या जातात. याउलट यामानोतेतून उतरून चुओ पकडणारा माणूस जेआरच्या गेटबाहेर पडतच नाही, म्हणून तो शिंजुकूच्या आकड्यात येतच नाही. जिना मात्र तोही चढतो! तिसरा प्रकार आणखी गमतीचा. केइओच्या काही गाड्या शिंजुकूहून सरळ तोएईच्या मार्गावर जातात. त्यात बसून राहिलेला प्रवासी फलाटावर पायही ठेवत नाही, तरी हद्द बदलते म्हणून केइओच्या आकड्यात धरला जातो.

थोडक्यात, ३५ लाख ही माणसांची संख्या नाही, ती चढ-उतारांची बेरीज आहे. आकडा खोटा नाही, फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. कोणत्या रेल्वेकडे किती व्यवहार आहे, हे बघायला तो चालेल. जिना किती रुंद हवा, हे ठरवायला चालणार नाही, कारण आत गाडी बदलणारे त्यात दिसतच नाहीत.

त्यासाठी दुसरा स्रोत लागतो. जपान सरकार १९६० पासून साधारण दर ५ वर्षांनी मोठ्या महानगर प्रदेशांत वाहतुकीची पाहणी करतं. त्यात प्रवाशांना कुठून निघालात, कुठे गाडी बदललीत, असं विचारतात. पण ही नमुना पाहणी आहे, रोजचे चढउतार त्यात कळत नाहीत. प्रत्येक स्रोताला अशी एक खिडकी असते, आणि एक भिंतही.

आपल्या दादरचंच बघा. पश्चिम रेल्वेतून उतरून त्याच तिकिटावर मध्य रेल्वे पकडणाऱ्याची नोंद दादरच्या तिकीटविक्रीत कुठे होते? मग विक्रीचा आकडा शिंजुकूशेजारी ठेवून काय सिद्ध होणार?

म्हणून कुठलाही आकडा वापरण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: एकक काय आहे? नोंद नेमकी कुठे होते? कोण दोनदा मोजला जातो आणि कोण एकदाही नाही? माझं प्रकरण पुन्हा लिहिण्यात दोन महिने गेले. तळटीप वाचायला दोन मिनिटं लागली असती.