‘नो पब्लिक फंड्स’ म्हणजे नेमके काय?



23 मार्च 2020 च्या संध्याकाळी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी टी.व्ही.वरून सर्वांना घरात बसायला सांगितले. त्यानंतरच्या आठवड्यात आपल्या लोकांचे एकमेकांना जे फोन झाले, त्यांत विषय दोनच. एक, पुण्या-मुंबईला आई-वडिलांचे कसे चालले आहे. आणि दुसरा, जरा आवाज खाली करून, नोकरी गेली तर व्हिसाचे काय? पहिल्या बाबतीत कोणाच्याच हातात काही नव्हते. दुसऱ्या बाबतीत मात्र बरेच काही होते, पण माझ्या ओळखीतल्या दोन-तीन कुटुंबांनी केवळ भीतीपोटी हक्काच्या मदतीची चौकशीसुद्धा केली नाही. ती साथ सरली. ही भीती मात्र अजून सरलेली दिसत नाही, म्हणून हा लेख.

सगळा घोळ तीन शब्दांचा. वर्क व्हिसावरच्या माणसाच्या निवास-कार्डावर तेव्हा ‘नो पब्लिक फंड्स’ असे छापलेले असे. आता ती प्लास्टिकची कार्डे जाऊन ई-व्हिसा आला, अट तशीच आहे. वाचणाऱ्याला वाटते की सरकारकडून एक पेनी जरी घेतली तरी उद्या आय.एल.आर. अडकणार! प्रत्यक्षात ‘पब्लिक फंड्स’ ही इमिग्रेशन नियमांतली एक ठरावीक यादी आहे. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, उत्पन्न कमी म्हणून कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी सवलत वगैरे त्या यादीत येतात. जे यादीत नाही, त्याला ती अट लागू नाही. आम्हा प्रोग्रॅमर मंडळींना ही भाषा लवकर कळते.

फर्लो या यादीत नव्हता. पगाराच्या 80 टक्के, महिना जास्तीत जास्त 2,500 पौंड, आणि ही मदत कंपनीमार्फत येत असल्याने व्हिसा कोणताही असला तरी चालत असे. 30 सप्टेंबर 2021 ला योजना संपेपर्यंत 1 कोटी 17 लाख नोकऱ्यांना तिचा आधार मिळाला. आजारपणातला स्टॅट्युटरी सिक पे यादीत नाही. नोकरी गेल्यावर नॅशनल इन्शुरन्सच्या हप्त्यांवर मिळणारा ‘न्यू स्टाइल’ जॉबसीकर्स अलाउन्सही नाही. तो सहा महिन्यांपर्यंत मिळतो. हप्ते तर दर महिन्याला पे-स्लिपवर कापलेले आपण पाहतोच. कोविडची तपासणी आणि उपचारही एन.एच.एस.ने सर्वांना मोफत ठेवले होते.

शाळेतल्या मोफत जेवणाची गोष्ट थोडी वेगळी. पब्लिक फंड्सची अट असलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना इंग्लंडमध्ये ते 2020 मध्ये तात्पुरते देऊ केले आणि 2022 मध्ये कायम केले. अर्ज शाळेत किंवा कौन्सिलकडे करायचा.

आता धंद्याकडे. आपल्यातले पुष्कळ जण स्वतःची लिमिटेड कंपनी काढून कॉन्ट्रॅक्टवर काम करतात, आणि माझ्या मते सर्वांत वाईट अवस्था त्यांचीच झाली. अकाउंटंटच्या सल्ल्याने महिना 719 पौंड पगार आणि बाकी सगळा डिव्हिडंड, अशी सर्रास पद्धत होती. फर्लो मिळाला तो फक्त पगारावर, म्हणजे 575 पौंड! डिव्हिडंड हिशेबातच नव्हता. स्वयंरोजगारवाल्यांसाठी वेगळी ग्रँट होती, पण ती डायरेक्टरला नाही. जे सोल ट्रेडर होते (ट्यूशन, केटरिंग, टॅक्सी), त्यांना वार्षिक नफा 50,000 पौंडांच्या आत असेल तर ती मिळाली; मात्र ज्यांनी नुकताच व्यवसाय सुरू केला होता आणि 2018-19 चे रिटर्न नव्हते, ते सुरुवातीला कोरडेच राहिले. कर वाचवताना आपण आपले कागदावरचे उत्पन्नही कमी करतो, हे ध्यानात ठेवून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवावा असे मला वाटते.

4 मे 2020 पासून बाउन्स बॅक लोन सुरू झाले : उलाढालीच्या पाव हिश्शापर्यंत, कमाल 50,000 पौंड, पहिले वर्ष बिनव्याजी, नंतर अडीच टक्के. मिळाले अगदी सहज, पण कर्ज ते कर्जच. हप्ते जड जात असतील तर मुदत सहाऐवजी दहा वर्षे करून घेता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. बँकेला ‘पे ॲज यू ग्रो’बद्दल विचारावे. घरगुती कर्जासाठी स्टेपचेंज आणि धंद्याच्या कर्जासाठी बिझनेस डेटलाइन या संस्था फुकट सल्ला देतात. इंग्लंड-वेल्समध्ये 4 मे 2021 पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची सोयही आहे : पात्र कर्जदाराला 60 दिवस बहुतेक कर्जांच्या व्याजातून आणि वसुलीच्या तगाद्यातून सवलत. जाहिरात करून पैसे मागणाऱ्या ‘सल्लागारां’च्या नादी लागू नये.

शेजाऱ्यापाजाऱ्यांकडूनही शिकण्यासारखे आहे. डिसेंबर 2020 मध्ये फ्रान्सने हद्द बंद केल्यावर केंटमध्ये हजारो लॉरी ड्रायव्हर अडकले, तेव्हा खालसा एड आणि ग्रेव्हझेंडच्या गुरुद्वाऱ्याने त्यांना गरम जेवण पोचवले. लंगरची भांडी आणि माणसे आधीपासून तयार होती, म्हणून ते एका दिवसात जमले. आपल्याकडे गणपतीच्या महाप्रसादाला शे-दोनशे पाने उठवणारे हात आहेतच. कोणाकडे मोठी पातेली, कोणाची व्हॅन, कोणत्या भागात कोण वृद्ध एकटे राहतात, एवढी यादी प्रत्येक मंडळाने करून ठेवली तरी पुष्कळ झाले.

एक सावधगिरी. संस्थेच्या नावाने व्हिसाचा सल्ला द्यायला कायद्याने नोंदणी लागते, तेव्हा मंडळाने नोंदणीकृत सल्लागाराचा किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसचा रस्ता दाखवावा, निर्णय सांगू नये. मीही सांगत नाही. अर्ज करण्यापूर्वी आपापल्या परिस्थितीची खात्री करून घ्यावी.

शेवटी, जे बोलायला नको वाटते ते. कमावता जोडीदार गेला आणि त्याने किंवा तिने कोणत्याही एका करवर्षात किमान 25 आठवडे नॅशनल इन्शुरन्स भरलेला असेल, तर पेन्शनच्या वयाखालील जोडीदाराला बिरीव्हमेंट सपोर्ट पेमेंट मागता येते. तेही पब्लिक फंड्सच्या यादीत नाही. चाइल्ड बेनिफिटला पात्र कुटुंबाला सुरुवातीला 3,500 पौंड आणि मग 18 महिने 350 पौंड. इतरांना 2,500 आणि 100. पूर्ण रक्कम हवी असेल तर अर्ज तीन महिन्यांच्या आत जावा लागतो. त्या तीन महिन्यांत घरच्यांना कागद सुचत नाहीत. तेव्हा जवळच्या कोणीतरी तो फॉर्म आणून समोर ठेवावा.