विमान कंपन्यांचा दर्जा : माइल्स मोजावेत की उड्डाणे?

आपल्या समाजातील व्यापारी आता पूर्वीसारखा वर्षातून एखाद्या वेळी विमानात बसणारा राहिलेला नाही. भिवंडी-मालेगावच्या कापडाचे नमुने घेऊन दुबईला जाणारे, तेथून माल उचलणारे, लंडनपर्यंत गिऱ्हाईक सांभाळणारे कितीतरी लोक आहेत. तिकिटाच्या भावासाठी हे लोक एजंटाशी तासभर घासाघीस करतात. पण विमान कंपनी आपल्या नेहमीच्या प्रवाशाला जो दर्जा देते, त्याचा हिशेब मात्र फारच थोडे ठेवतात. हा दर्जा म्हणजे नुसता मान नव्हे. त्यात वजनाची सवलत आहे, रांगेतून सुटका आहे, आणि विमान चुकले किंवा रद्द झाले तर सभासदाचे ऐकून घेणारे कोणी असते.

आधी एक घोळ दूर करू. सभासदाच्या खात्यात दोन प्रकारचे माइल्स असतात. पहिले खर्च करण्याचे. ते देऊन तिकीट मिळते. बँकेचे कार्ड वापरूनही ते बहुधा मिळतात. दुसरे दर्जा ठरवणारे, ज्यांना अनेक कंपन्या टियर माइल्स किंवा टियर पॉइंट म्हणतात. ते खर्च करता येत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष विमानात बसल्याशिवाय मिळत नाहीत. खात्यात लाखभर माइल्स दिसतात तरी आपल्याला सिल्व्हर का नाही, असे विचारणाऱ्याने हा फरक ध्यानात घेतलेला नसतो.

ही पद्धत अमेरिकेतली. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली आपली सभासद योजना सुरू केली आणि इतर कंपन्या मागोमाग आल्या. पुढे दर्जाचे दोन रस्ते ठरले. अनेक वर्षे तेथील मोठ्या कंपन्यांत पहिल्या पायरीचा हिशेब असा होता : वर्षात २५,००० माइल्स किंवा ३० सेगमेंट. सेगमेंट म्हणजे एक उड्डाण, एकदा चढणे आणि एकदा उतरणे. न्यूयॉर्कहून बोस्टनला जाणाऱ्या माणसाचे अंतर जेमतेम १८५ मैल. मैलांनी मोजले तर त्याला सुमारे १३५ वेळा उडावे लागेल. उड्डाणांनी मोजले तर तीसमध्ये काम झाले. उलट न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हे अंतर सुमारे २,४७५ मैलांचे. तो प्रवासी अकराव्या उड्डाणात मैलांनी पार होतो, त्याला तीसपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

आता २५,००० ला ३० ने भागा. ८३३ येतात. ज्याचे सरासरी उड्डाण ८३३ मैलांहून लहान, त्याला उड्डाणे मोजणे फायद्याचे. ज्याचे मोठे, त्याला माइल्स. कोणत्याही कंपनीचे दोन आकडे हातात आले की हा भागाकार करावा. अर्धे काम तेथेच होते.

आपल्या लोकांच्या कामाचे उदाहरण एमिरेट्सचे. तिच्या स्कायवर्ड्स योजनेत सिल्व्हरसाठी २५,००० टियर माइल्स किंवा २५ उड्डाणे, गोल्डसाठी ५०,००० किंवा ५० उड्डाणे असा नियम आहे. मात्र येथले माइल्स नुसत्या अंतराचे नाहीत. मार्ग कोणता आणि तिकीट कोणत्या भावाचे, यावर ते ठरतात. एकाच विमानात शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांपैकी सेव्हरवाल्याला कमी आणि फ्लेक्स प्लसवाल्याला जास्त मिळतात. बिझनेस क्लासचे तर त्याहून अधिक. मुंबई-दुबई अंतर सुमारे १,२०० मैल, आणि आपला व्यापारी घेतो सर्वांत स्वस्त तिकीट. माइल्सच्या रस्त्याने तो सिल्व्हरपर्यंत पोहोचेपर्यंत वर्ष उलटून जाते. उड्डाणांच्या मोजणीत मात्र स्वस्त आणि महाग असा भेद राहत नाही. त्याचा रस्ता तोच.

पण येथे एक गंमत आहे. महिन्याला एक फेरी करणाऱ्याची वर्षाला २४ उड्डाणे होतात. हवीत २५. एका उड्डाणासाठी वर्षभराची मेहनत वाया! असे लोक आपल्या बाजारात कमी नसावेत. तेरावी फेरी खरोखर कामाची असेल तर ती वर्ष संपण्याआधी करावी. पण आणखी एक युक्ती आहे. दुबईमार्गे पुढे जाणाऱ्या प्रवासात जाण्याची दोन आणि येण्याची दोन अशी चार उड्डाणे मोजली जातात. दुबईच्या अकरा फेऱ्या आणि दुबईमार्गे जेद्दाहची एक, म्हणजे २६. (उमऱ्याची नियत मात्र उमऱ्याचीच असावी, सेगमेंटची नव्हे.) एक सावधगिरी : विमान वाटेत उतरून त्याच क्रमांकाने पुढे जात असेल तर बहुतेक कंपन्या ते एकच उड्डाण धरतात. शिवाय ग्रुप तिकिटावर पुष्कळ कंपन्या काहीच देत नाहीत. एजंटाला हे तिकीट काढण्यापूर्वी विचारावे, परतल्यावर नव्हे.

वर्ष कोणते, हेही पाहावे. काही कंपन्या जानेवारी ते डिसेंबर मोजतात, काही सभासद झाल्यापासूनचे त्याचे स्वतःचे वर्ष धरतात. वीस उड्डाणे दोन वर्षांत विभागली गेली तर दोन्हीकडे हाती शून्य.

इतके करून मिळते काय? एमिरेट्सच्या सिल्व्हर सभासदाला, जेथे सामान वजनावर मोजतात त्या मार्गावर, १२ किलो जादा नेता येते. गोल्डला १६ किलो. भारत-दुबई मार्गावर वजनच मोजतात. कापडवाल्याने याचा अर्थ लावावा. बारा फेऱ्यांत जाताना १४४ किलो नमुने, आणि येताना तितकेच वजन वेगळे. जादा वजनाचा किलोमागे दर ज्याने काउंटरवर मोजला आहे त्याला अधिक सांगायला नको. अमेरिकेच्या मार्गावर किलोऐवजी नग मोजतात, तेथे हा हिशेब लागू होत नाही. दुबईच्या लाउंजमध्ये बसायला मिळते तेही खरे, पण माझ्या मते व्यापाऱ्याने लाउंजच्या चहासाठी उडू नये. केवळ दर्जा मिळवण्यासाठी रिकाम्या फेऱ्या मारणारे लोक अमेरिकेत पुष्कळ निघाले. आपल्याकडे त्याला इसराफ हाच शब्द आहे.

आणखी दोन बाबी, ज्यांत आपले लोक विशेष अडकतात.

पहिली नावाची. सभासद कार्डावर मोहम्मद पूर्ण, पासपोर्टवर मोहड, तिकिटावर आडनाव आधी, तर कोणाच्या पासपोर्टवर आडनावच नाही. संगणकाला हे तीन वेगळे इसम वाटतात आणि उड्डाण खात्यात जमा होत नाही. सभासद होताना पासपोर्टवर आहे ते नाव अक्षर न् अक्षर तसेच द्यावे, आणि उड्डाण खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये. राहिलेले उड्डाण मागून मागता येते, पण त्याला मुदत असते.

दुसरी बाब शिरकतीची. तिकिटाचे पैसे पेढीचे, पण माइल्स आणि दर्जा जो बसला त्याच्या नावावर. दर्जा दुसऱ्याला देता येत नाही. खर्च करण्याच्या माइल्सचे तिकीट मात्र काढता येते. ते तिकीट घरच्या कामाला वापरले तर भागीदाराचा हक्क लागतो की नाही? दोन भाऊ एकाच पेढीत असतील आणि एकच नेहमी परदेशी जात असेल तर हा प्रश्न आज ना उद्या उठतोच. भागीदारीच्या कागदावर एक ओळ आधीच लिहून घ्यावी, आणि शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. कार्डाच्या माइल्सबद्दलही तेच. बिल मुदतीत पूर्ण भरले नाही तर माइल्सच्या मागे व्याज येते, मग ते माइल्स फुकटचे राहत नाहीत.

शेवटी बदलाची हवा सांगितली पाहिजे. अंतर आणि उड्डाणे, दोन्हींची किंमत कमी होत चालली आहे. कंपन्या आता पैसा मोजतात. अमेरिकेच्या डेल्टाने २०१४ पासून खर्चाची अट जोडली आणि २०२४ पासून दर्जा केवळ खर्चावर ठेवला. युनायटेडने २०२० पासून उड्डाणे मोजणे चालू ठेवले, पण सोबत खर्चाची अट घातली. अमेरिकन एअरलाइन्सने २०२२ पासून कार्डावरचा खर्चही दर्जासाठी धरला. ब्रिटिश एअरवेजचे टियर पॉइंट एप्रिल २०२५ पासून पौंडांवर मिळू लागले. आपल्या एअर इंडियानेही २०२४ साली अंतर सोडून भाड्याच्या रकमेवर पॉइंट देणे सुरू केले. कारण उघड आहे. स्वस्त तिकिटावर पन्नास वेळा उडणाऱ्यापेक्षा महाग तिकिटावर पाच वेळा उडणारा कंपनीला अधिक नफा देतो. ज्या कंपनीत उड्डाणे मोजण्याचा रस्ता अजून खुला आहे, तेथे लहान व्यापाऱ्याने आपल्या फेऱ्या दोन-तीन कंपन्यांत न वाटता एकीकडेच ठेवाव्यात. तिकिटामागे दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी दर वेळी कंपनी बदलणारा वर्षाअखेरीस वजनाच्या काउंटरवर त्याहून किती जास्त भरतो, हे आपल्या वहीतून काढून पाहावे.