भाष्यकाराचा झेंडा की दाव्याचा पुरावा?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चौफेर आक्रमण केले. तेव्हापासून हे युद्ध जगाने वर्तमानपत्रांतून पाहिले, तितकेच टेलिग्राम, एक्स आणि यूट्यूबवरूनही पाहिले. आघाडीवरचे सैनिक, त्यांच्यासोबत हिंडणारे ब्लॉगर, निवृत्त लष्करी अधिकारी, दूर देशात बसून नकाशे रंगवणारे हौशी अभ्यासक असे असंख्य लोक रोज या युद्धाचा अर्थ सांगत असतात. त्यांतले बरेच जण उघडपणे एका बाजूचे आहेत. त्यांचे म्हणणे मराठी वाचकापर्यंतही पोहोचते. कधी ते भाषांतर होऊन येते, कधी वृत्तवाहिनीवरच्या चर्चेतून, तर कधी नुसते फॉरवर्ड होऊन.

अशा भाष्यावर विश्वास किती ठेवायचा, याबद्दल आपण काही ठोकताळे बांधलेले असतात. ऐकताना ते शहाणपणाचे वाटतात, पण या युद्धातल्या प्रत्यक्ष घटनांशी ताडून पाहिले की त्यांतले बरेचसे कोसळतात.

गैरसमज १ : एका बाजूचा माणूस आहे, म्हणजे त्याचे काहीच खरे नसणार.

वस्तुस्थिती : सप्टेंबर २०२२मध्ये युक्रेनने खार्किव्ह प्रांतात जोरदार प्रतिहल्ला केला. बालाक्लिया आणि इझ्युमच्या बाजूची रशियन फळी फुटते आहे, हे रशियाचेच युद्धसमर्थक ब्लॉगर संतापून लिहीत होते. १० सप्टेंबरला रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने मात्र एवढेच सांगितले, की तुकड्यांची फेरजुळणी करण्यासाठी त्यांना डोनेत्स्ककडे हलवण्यात येत आहे. पुढच्या काही दिवसांत नकाशा बदलला आणि ब्लॉगर खरे ठरले. ते युक्रेनचे मित्र नव्हते. आपले सैन्य हरू नये असे त्यांना मनापासून वाटत होते, म्हणूनच ते ओरडत होते.

रशियाच्या ईगोर गिरकिनचे उदाहरण तर फारच टोकाचे आहे. २०१४मध्ये मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ हे विमान पाडून २९८ जणांचा जीव घेतल्याबद्दल नेदरलँड्सच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये त्याला त्याच्या अनुपस्थितीत जन्मठेप सुनावली. तो युद्धाचा कट्टर समर्थक होता. ३१ डिसेंबर २०२२च्या मध्यरात्री माकीव्हका येथे रशियन सैनिकांच्या निवासावर युक्रेनची क्षेपणास्त्रे पडली, तेव्हा त्याच इमारतीत दारूगोळाही ठेवला होता, हे त्यानेच लिहिले. रशियन लष्कराने आधी ६३ आणि नंतर ८९ मृत्यू मान्य केले आणि सैनिकांच्या मोबाइल वापरावर बोट ठेवले. सेनाधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणाचा प्रश्न युद्धसमर्थकांनी लावून धरला. पुढे लष्करी नेतृत्वावर आणि पुतिन यांच्यावरही सतत टीका करणाऱ्या गिरकिनला जानेवारी २०२४मध्ये रशियातच चार वर्षांची शिक्षा झाली.

युक्रेनच्या बाजूलाही असे दिसते. ‘डीपस्टेट’ हा नकाशा युक्रेनियन तरुण चालवतात आणि त्यांच्या सहानुभूतीबद्दल कोणालाच शंका नाही. तरीही गावे हातची गेल्याची नोंद त्यांनी सरकारी निवेदनाच्या आधी केल्याचे अनेकदा दिसले आहे.

न्यायालयात साक्षीदार स्वतःच्या हिताविरुद्ध काही कबूल करतो, तेव्हा त्या कबुलीचे वजन वाढते. युद्धातल्या भाष्यालाही हाच नियम लावता येतो. फक्त एक सावधगिरी हवी : आपल्याच सरकारवर केलेली टीका नेहमी निःस्वार्थ नसते. २०२३मध्ये बाख्मुतच्या लढाईत वॅग्नर या रशियन खासगी सैन्याचा प्रमुख प्रिगोझिन दारूगोळा मिळत नसल्याचा आरोप जाहीरपणे करत होता. त्यामागे संरक्षणमंत्री शोइगू यांच्याशी असलेला सत्तासंघर्षही होता. जूनमध्ये त्याने बंड केले, तेव्हा हा संघर्ष उघड झाला.

गैरसमज २ : ज्याची बाजू न्यायाची, त्याची माहितीही खरी.

वस्तुस्थिती : आक्रमण कोणी केले आणि बातमी खरी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. युद्धाच्या पहिल्याच दिवसांत ‘कीव्हचे भूत’ नावाच्या वैमानिकाने एकट्याने रशियाची अनेक विमाने पाडल्याची कथा जगभर पसरली. तिच्यासोबत फिरणारी एक चित्रफीत व्हिडिओ गेममधली निघाली. एप्रिल २०२२च्या अखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच सांगितले, की हा कोणी एक वैमानिक नसून लोकांनी घडवलेली दंतकथा आहे. त्याच दिवसांत युक्रेनच्या स्नेक आयलंड या बेटावरच्या १३ सैनिकांना अध्यक्ष झेलेन्स्की यांनी हुतात्मा घोषित केले. काही दिवसांतच ते जिवंत असून रशियाच्या कैदेत असल्याचे युक्रेनच्या नौदलाने सांगितले.

६ सप्टेंबर २०२३ रोजी कोस्त्यांतिनिव्हकाच्या बाजारात क्षेपणास्त्र पडून किमान १५ लोक मेले. झेलेन्स्की यांनी लगेच रशियाला दोष दिला. न्यूयॉर्क टाइम्सने अवशेष, चित्रफिती आणि उपग्रह छायाचित्रे तपासली, तेव्हा ते युक्रेनचेच भरकटलेले क्षेपणास्त्र असल्याकडे पुरावा झुकला. यांतल्या कोणत्याही गोष्टीने आक्रमणाची जबाबदारी रशियावरून हटत नाही. पण युक्रेनबद्दल सहानुभूती असलेल्या वाचकालाही प्रत्येक दावा वेगळा तपासावाच लागतो.

गैरसमज ३ : दोन्ही बाजू खोटे बोलतात, म्हणजे सत्य मध्ये कुठेतरी असते.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत समंजस वाटतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. मार्च २०२२च्या अखेरीस रशियन सैन्य बुचातून माघारी गेले आणि एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या याब्लुन्स्का रस्त्यावर पडलेल्या प्रेतांची छायाचित्रे जगाने पाहिली. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने सांगितले, की हा सगळा बनाव आहे आणि तो सैन्य निघून गेल्यावर रचला गेला. मॅक्सार या कंपनीची उपग्रह छायाचित्रे मात्र वेगळेच सांगत होती. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे बुचा रशियाच्या ताब्यात असतानाच, त्याच रस्त्यावर त्याच जागी मृतदेहांसारखे आकार दिसत होते. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानेही बुचातल्या नागरिकांच्या हत्यांची तपशीलवार नोंद केली. इथे मधला मार्ग कोणता काढणार? एका बाजूचे म्हणणे पुराव्याने टिकले आणि दुसऱ्या बाजूचे खोटे ठरले.

एमएच-१७च्या वेळी आणखी एक गोष्ट कळली. रशियाने आधी जवळ युक्रेनचे लढाऊ विमान असल्याचे सुचवले. नंतर बुक क्षेपणास्त्र बनवणाऱ्या रशियन कंपनीनेच विमान बुकने पाडल्याचे मान्य केले, पण ते डागले युक्रेनने, असे म्हटले. दोन्ही स्पष्टीकरणे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. आंतरराष्ट्रीय तपास पथकाने ती बुक यंत्रणा रशियाच्या कुर्स्क येथील ५३व्या विमानविरोधी ब्रिगेडची असल्याचा निष्कर्ष काढला. प्रत्येक नव्या पुराव्यानंतर एखादा भाष्यकार जुने स्पष्टीकरण गुपचूप टाकून नवे पुढे करत असेल, तर त्याला सत्य शोधायचे नाही. वाचकाला दमवून ‘कोणास ठाऊक काय झाले’ म्हणायला लावायचे आहे. ‘सत्य मध्ये कुठेतरी’ म्हणणारा वाचक त्याच्या नेमका उपयोगी पडतो.

गैरसमज ४ : व्हिडिओ आहे, म्हणजे पुरावा आहे.

वस्तुस्थिती : व्हिडिओ खरा असला, तरी तो कुठला आणि कधीचा हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे मे २०२५मध्ये, पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूरच्या काळात, गुजरातमधील हाजिरा बंदरावर हल्ला झाल्याची चित्रफीत फिरली. ती जुलै २०२१मधल्या एका तेलवाहू जहाजावरच्या स्फोटाची असल्याचे पीआयबीच्या सत्यशोधन विभागाने सांगितले. कधी तर व्हिडिओच बनावट असतो. मार्च २०२२मध्ये झेलेन्स्की सैनिकांना शस्त्रे खाली ठेवायला सांगत असल्याची बनावट चित्रफीत आली. तेव्हा झेलेन्स्की यांनी लगेच स्वतः समोर येऊन ती फेटाळली.

खुल्या माहितीवरून तपास करणारे लोक चित्रफितीतली इमारत, वळण, विजेचे खांब, सावल्यांची दिशा उपग्रह छायाचित्रांशी जुळवतात आणि जागा नक्की झाल्यावरच बोलतात. बेलिंगकॅटसारख्या गटाचे महत्त्व यातच आहे, की ते निष्कर्षासोबत त्यामागची वाटही दाखवतात. त्यामुळे त्यांच्यावर विश्वास नसलेला माणूसही तीच तपासणी स्वतः करून पाहू शकतो.

गैरसमज ५ : इतक्या ठिकाणी आले, म्हणजे खरे असणार.

वस्तुस्थिती : पन्नास ठिकाणी आलेली बातमी पुष्कळदा एकाच तोंडातून निघालेली असते. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी पोलंडमधील प्शेव्होदूव्ह गावात क्षेपणास्त्र पडून दोघे मेले. नाव न दिलेल्या एका अमेरिकी अधिकाऱ्याच्या हवाल्याने एपी या वृत्तसंस्थेने दिलेले वृत्त जगभर गेले : रशियन क्षेपणास्त्रे नाटोच्या भूमीवर पडली. दुसऱ्याच दिवशी ते बहुधा युक्रेनच्या हवाई संरक्षणाचे क्षेपणास्त्र असल्याचे नाटोने सांगितले आणि एपीने वृत्त मागे घेतले.

आपल्याकडचे उदाहरणही त्याच वर्षीचे. मार्चच्या सुरुवातीला महाराष्ट्रासह देशभरातले विद्यार्थी युक्रेनमध्ये अडकले होते आणि घरोघरी जीव टांगणीला लागला होता. २ मार्चला भारतीय दूतावासाने खार्किव्ह तातडीने सोडण्याची सूचना दिली. त्यावरून ‘भारतीयांसाठी रशियाने सहा तास युद्ध थांबवले’ अशी बातमी पसरली. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी ती चुकीची असल्याचे स्पष्ट केले. त्याच दिवशी मंत्रालयाने हेही सांगितले, की विद्यार्थ्यांना ओलीस ठेवल्याची कोणतीही माहिती आपल्याकडे नाही. हा दावा रशियाने केला होता. दोन्ही दाव्यांचे खंडन अधिकृत होते. तरी पहिली बातमी नंतरही लोक अभिमानाने सांगत राहिले, कारण ती हवीहवीशी होती.

गैरसमज ६ : नेमका आकडा दिला, म्हणजे माहिती नेमकी.

वस्तुस्थिती : युद्धात सर्वांत कमी भरवशाची गोष्ट म्हणजे शत्रूचे किती मारले आणि आपले किती मेले, याचा आकडा. २१ सप्टेंबर २०२२ रोजी शोइगू यांनी रशियाचे ५,९३७ सैनिक मारले गेल्याचे सांगितले. बीबीसी रशियन सेवा, मीडियाझोना हे संकेतस्थळ आणि स्वयंसेवक यांनी श्रद्धांजलीच्या नोंदी, कबरी आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या पोस्ट पाहून नावानिशी यादी तयार केली. २०२५मध्ये ती १ लाख नावांच्या पुढे गेली. झेलेन्स्की यांनी फेब्रुवारी २०२४मध्ये युक्रेनचे ३१,००० सैनिक मारले गेल्याचे सांगितले. त्याआधी, ऑगस्ट २०२३मध्येच, अमेरिकी अधिकाऱ्यांचा अंदाज ७०,०००च्या जवळपास होता. एप्रिल २०२३मध्ये पेंटागॉनची गोपनीय कागदपत्रे फुटली, तेव्हा त्यांतल्या एका पानावरचे मृतांचे आकडे बदलून, रशियाचे कमी आणि युक्रेनचे जास्त करून, ते टेलिग्रामवर फिरवले गेले.

आकडा पाहिला की विचारावे : हे फक्त मृत आहेत, की जखमीही धरले आहेत? मोजले कोणी आणि कसे? ‘ओरिक्स’ हा गट नष्ट झालेल्या रणगाड्यांची मोजणी छायाचित्र असेल तरच करतो. त्यामुळे त्याची संख्या किमान मानायची, कारण ज्याचे छायाचित्र मिळाले नाही ते मोजलेच जात नाही. मर्यादा सांगणारी मोजणी मर्यादा न सांगणाऱ्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासाची असते.

गैरसमज ७ : एकदा ज्याचे खरे ठरले, त्याचे पुढेही खरे.

वस्तुस्थिती : रशिया आक्रमण करणार, हे अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी आधीच सांगितले होते आणि तेव्हा अनेक जाणकारांनी ते उडवून लावले. पण कीव्ह काही दिवसांत पडेल, हा त्याच यंत्रणांचा अंदाज चुकला. २०२३च्या उन्हाळ्यात युक्रेनचे सैन्य अझोव्ह समुद्रापर्यंत पोहोचेल, असे अनेक समर्थक भाष्यकार ठामपणे म्हणत होते. ते झाले नाही. काय घडले, का घडले आणि पुढे काय होईल, हे तीन वेगळ्या प्रकारचे दावे आहेत. पहिल्यात उत्तम असणारा माणूस तिसऱ्यात सपशेल चुकू शकतो. पक्षपाताचा परिणामही तिसऱ्यावर सर्वांत जास्त होतो, कारण तिथे माहितीची जागा इच्छा घेते.

मग वाचायचे कसे?

ज्या भाष्यकाराला तुम्ही नियमित वाचता, त्याची तीन-चार महिन्यांपूर्वीची पोस्ट काढा. त्याने तेव्हा ठामपणे सांगितलेल्या गोष्टींचे काय झाले ते पाहा. चुकल्यावर त्याने दुरुस्ती केली, की पोस्टच पुसून टाकली? आपल्या बाजूला नको असलेले काही त्याने कधी लिहिले आहे का? ‘मी पाहिले’, ‘मला सांगितले’ आणि ‘मला वाटते’ यांत तो फरक करतो का? त्याचे पोट कशावर चालते, हेही पाहावे. दोन्ही बाजूंचे ब्लॉगर ड्रोन आणि साहित्यासाठी देणग्या गोळा करतात, आणि वाचक उत्साहात किंवा रागात असला की देणगी सहज मिळते.

त्याला काय लिहायची मुभा नाही, हेही लक्षात घ्या. ४ मार्च २०२२ च्या कायद्यानुसार रशियात सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. युक्रेनमध्येही सैन्याच्या हालचाली आणि ठिकाणे प्रसिद्ध करण्यावर कायदेशीर बंदी आहे. म्हणून एखाद्या गोष्टीबद्दल सगळीकडे शांतता असली, तर तिथे काही घडलेच नाही असे मानू नये.

आणि पहिल्या दिवशीची बातमी पुढे पाठवू नये. मे २०२५मध्ये आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे एका रात्रीत सांगून टाकले. ११ मेच्या पत्रकार परिषदेत व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितले, की कराचीसह निवडलेल्या लक्ष्यांवर मारा करण्याच्या पूर्ण तयारीत नौदल होते. म्हणजे मारा झालेला नव्हता.

युद्धात बाजू घेणे गैर नाही. आक्रमक आणि आक्रमणाचा बळी यांत फरक न करणे हे उलट अन्यायाचे आहे. पण ज्याला आपली बाजू प्रिय आहे, त्याने तिच्या दाव्यांबाबत जास्त काटेकोर असायला हवे. ‘कीव्हच्या भुता’सारखी प्रत्येक खोटी शौर्यकथा बुचा नाकारणाऱ्यांच्या हाती आयता युक्तिवाद देते : हे तेव्हाही खोटे बोलले, आताही बोलत असतील. याब्लुन्स्का रस्त्यावर मेलेल्या माणसांवर जगाने विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने आपले शब्द आधी तपासले पाहिजेत. वाचक म्हणून तेवढाच आग्रह आपणही धरला पाहिजे.