खांब कुठे येणार?

सकाळी ६.००

कॅल्गरीत सकाळचे सहा म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा. आईला फोन लावायची हीच वेळ, कारण तेव्हा ती भाजी घेऊन नुकती घरी आलेली असते. स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून ती मंडईला मेट्रोने जाते आणि ते मला ऐकवायचं निमित्त तिला रोज नव्याने सापडतं. मग ठरलेला प्रश्न.

"काय गं, तुमची गाडी कुठवर आली?"

"अजून कागदावरच आहे, आई."

"कॅनडात राहतेस ना तू?"

यावर काय बोलणार? जिल्हा न्यायालय ते स्वारगेट गाडी सुरू झाली २९ सप्टेंबर २०२४ला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला आमच्या महापालिकेने ग्रीन लाइन ही नवी रेल्वे गुंडाळायला घेण्याचा ठराव केला होता. २०२५च्या जानेवारीत त्याच महापालिकेने ती पुन्हा उलगडायला घेतली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतली ही एका दिवसाची नोंद. बाहेर उणे चोवीस तापमान आहे आणि मला बस गाठायची आहे.

सकाळी ६.४०

मी राहते शहराच्या आग्नेय टोकाकडे, मॅकेंझी टाउनला. ३०२ नंबरची बस सीटनच्या मोठ्या हॉस्पिटलपासून निघून डाउनटाउनला जाते. बसमध्ये निम्मे लोक डुलक्या काढतात, उरलेले मोबाइलमध्ये. ही बस म्हणजे येऊ घातलेल्या रेल्वेची जागा धरून ठेवायला केलेली सोय. जागा धरून बरीच वर्षं झाली.

२०१५ साली केंद्र सरकारने १.५३ अब्ज डॉलर द्यायचं जाहीर केलं, पुढे अल्बर्टा प्रांतानेही तेवढ्याच रकमेची तयारी दाखवली. नकाशावर उत्तर टोकापासून सीटनपर्यंत ४६ किलोमीटरची हिरवी रेघ उमटली. आमच्या भागातली घरं विकताना दलाल त्या रेघेवर बोट ठेवून दाखवायचे. मलाही दाखवली होती.

सकाळी ७.५०

बसमधून उतरून मी सातव्या अ‍ॅव्हेन्यूवरून ऑफिसकडे चालत जाते. थंडी फारच असेल तर दोन थांबे सी-ट्रेनने, म्हणजे इथल्या रेल्वेने. डाउनटाउनमध्ये या रस्त्यावर तिकीट लागत नाही.

कॅल्गरीची सी-ट्रेन २५ मे १९८१ला सुरू झाली. शेजारच्या एडमंटनने तीन वर्षं आधी, १९७८ मध्ये, अशीच हलकी रेल्वे सुरू केली होती, पण डाउनटाउनमध्ये ती जमिनीखालून नेली. कॅल्गरीने बोगद्याचा खर्च टाळला. भर डाउनटाउनमधला एक अख्खा रस्ता मोटारींकडून काढून घेतला आणि त्यावर रूळ टाकले. वाचलेला पैसा लांबी वाढवायला कामी आला: १९८५ मध्ये ईशान्येची शाखा, १९८७ मध्ये वायव्येची, पुढच्याच वर्षी हिवाळी ऑलिंपिक. एडमंटनची गाडी बरीच वर्षं आखूडच राहिली. आजही आमच्या लाल आणि निळ्या, दोन्ही मार्गांच्या गाड्या सातव्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्याच रुळांवरून एकामागून एक जातात. गाडी सिग्नलला थांबते, माणसं तिच्या नाकासमोरून रस्ता ओलांडतात. दिसायला गबाळं, पण चालतं. मोटारींच्या या शहरात ज्यांनी त्या काळी हा निर्णय रेटला, त्यांना मी मनातल्या मनात रोज नमस्कार करते.

सकाळी ८.३०

आमची लहानशी सल्लागार कंपनी आहे. आम्ही महापालिकेचे नाही आणि प्रांताचेही नाही. आमचे अशील म्हणजे डाउनटाउनमधल्या इमारतींचे मालक. दारासमोरून उन्नत रेल्वे गेली तर आमचं काय होईल, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणजे खांब कुठे येणार, मालाचा ट्रक मागच्या धक्क्याला कसा लागणार, तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी गाडी वळेल की नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून काय दिसेल. यातलं पहिलं कळलं की बाकीचं आपोआप कळतं, म्हणून सकाळ खांबांत जाते.

टेबलावर दोन आराखडे. पहिला ३० जुलै २०२४चा. त्या दिवशी महापालिकेने दहा विरुद्ध पाच मतांनी कापूनकुपून लहान केलेला टप्पा मंजूर केला: ओ क्लेअर ते लिनवुड-मिलिकन, सुमारे १० किलोमीटर, ७ स्थानकं, ६.२ अब्ज डॉलर. डाउनटाउनमध्ये बोगदा. पाच आठवड्यांत प्रांताने पैसे देणार नाही असं कळवलं. दुसरा आराखडा प्रांताने एईकॉम कंपनीकडून करून घेतलेला, डिसेंबरमधला. डाउनटाउनमध्ये बोगदा नाही, दहाव्या अ‍ॅव्हेन्यूवरून आणि दुसऱ्या स्ट्रीटवरून खांबांवर गाडी, सातव्या अ‍ॅव्हेन्यूला शेवट. दक्षिणेकडे शेपर्डपर्यंत, १७.२ किलोमीटर, १२ स्थानकं. पैसे जवळपास तेवढेच.

हे दोन कागद एकावर एक ठेवले की बोगद्याची किंमत डोळ्यांना दिसते. सात किलोमीटर रूळ आणि पाच स्थानकं.

नव्या मुलांना पडणारा प्रश्न मात्र वेगळा असतो. सातव्या अ‍ॅव्हेन्यूसारखी ही गाडीही सरळ रस्त्यावरून का नेत नाहीत? आमचे वयस्क स्ट्रक्चरल इंजिनिअर त्यांना खिडकीपाशी नेतात आणि काही न बोलता खाली बोट दाखवतात. नवव्या आणि दहाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या मधून मालगाड्यांचे रूळ जातात, कॅनेडियन पॅसिफिकची मुख्य लाइन. ती ओलांडायची तर वरून नाहीतर खालून. मग पुढे सातवा अ‍ॅव्हेन्यू. तिथे आधीच दोन मार्गांच्या गाड्यांची रांग, त्यात आडवी तिसरी घुसवली तर तिन्ही अडकणार. रुळांची अदलाबदल करावी तर तेही नाही, कारण ग्रीन लाइनसाठी खालच्या फरशीचे डबे ठरवले आहेत आणि जुनी सी-ट्रेन उंच फलाटाची.

म्हणजे जमीन बाद. उरले पाताळ आणि आकाश. दहा वर्षं भांडण चाललंय ते याच दोन-तीन किलोमीटरांवर. बाकीच्या चाळीसबद्दल कोणी आवाजही चढवत नाही.

सकाळी ११.००

पाहणीला बाहेर पडतो. बोटं गोठतात म्हणून लेझर मोजणीयंत्र कोटाच्या आतल्या खिशात. थंडीने त्याची बॅटरीही मान टाकते.

दहावा अ‍ॅव्हेन्यू दिसायला रुक्ष आहे. पार्किंगच्या इमारती, विटांची जुनी गोदामं आणि त्यांच्यामागे रूळ. १८८३ मध्ये रेल्वे इथे पोचली आणि शहर तिच्या अंगाने वाढलं. आज त्याच रुळांनी नव्या रेल्वेची वाट अडवली आहे. आम्ही उभे असताना धान्याची मालगाडी जाते. ती संपेपर्यंत बोलणं बंद.

माझ्या मते दहावा अ‍ॅव्हेन्यू खांबांना योग्य आहे. हा रस्ता पूर्व-पश्चिम. कॅल्गरी ५१ अक्षांशावर, डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या जेमतेम १५ अंश वर येतो. सावल्या लांबलचक आणि सगळ्या उत्तरेकडे. इथे त्या पडतील पार्किंगच्या भिंतींवर आणि रुळांवर. कोणाचं काय जाणार?

दुसऱ्या स्ट्रीटवर वळलं की मात्र प्रकरण अवघड होतं. रस्ता दक्षिणोत्तर, म्हणजे दुपारची सावली रस्त्यातच पसरणार आणि सावलीत बर्फ वितळत नाही. शिवाय दोन्ही बाजूंना उंच इमारती, आणि डोक्यावर इमारती जोडणारे 'प्लस फिफ्टीन'चे पूल. पुण्याच्या नळस्टॉपला खालून मोटारी, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो बघितलेल्या माणसाला यात विशेष वाटणार नाही. पण नळस्टॉपला हिवाळ्यात पदपथावर बर्फ गोठत नाही.

सातव्या अ‍ॅव्हेन्यूला आमचं काम संपतं, कारण रेल्वेही तिथेच संपते. तरी मी पुढे ओ क्लेअरपर्यंत चालत गेले. बो नदीच्या काठचा हा भाग जुन्या आराखड्यात उत्तरेचं स्थानक होता. २०१७ मध्ये ठरलं नदीखालून बोगदा. २०२० मध्ये बदललं, नदीवरून पूल. स्थानकासाठी इथलं ओ क्लेअर मार्केट रिकामं करून २०२४ मध्ये पाडायला घेतलं. नव्या आराखड्यात गाडी इथवर येतच नाही.

दुपारी १.००

प्लस फिफ्टीनमध्ये बसून डबा खाते. पोळी आणि मटकीची उसळ. मायक्रोवेव्हपाशी वास दरवळला की दोघे-तिघे वळून बघतात. एके काळी अवघडल्यासारखं व्हायचं, आता नाही.

प्लस फिफ्टीन म्हणजे इमारती जोडणाऱ्या बंदिस्त पुलांचं जाळं, रस्त्यापासून सुमारे पंधरा फूट उंचीवर. १९७० पासून वाढत वाढत सोळा-एक किलोमीटर झालंय. हिवाळ्यात कोट न घालता अर्धं डाउनटाउन पालथं घालता येतं. खाली रस्ते ओस, वर वर्दळ. आता नेमक्या याच उंचीवरून गाडी न्यायची म्हटल्यावर दोनच वाटा. गाडी या पुलांच्याही वरून न्या, म्हणजे खांब उंच, स्थानक उंच, सरकते जिने लांब. नाहीतर आड येणारे पूल काढा. हा डबा मी जिथे बसून खाते तो पूल राहणार का, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

दुपारी २.३०

एका इमारतीच्या व्यवस्थापकांकडे बैठक. त्यांचं म्हणणं अगदी सरळ: बोगदाच करा. ते असं का म्हणतात, हे कळतं मला. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि डाउनटाउनमधल्या कचेऱ्या रिकाम्या पडल्या, २०२५च्या सुरुवातीलाही साधारण तीस टक्के जागा मोकळी होती. कचेऱ्यांची घरं करायला महापालिकेने २०२१ मध्ये चौरस फुटाला ७५ डॉलरपर्यंत अनुदान सुरू केलं. अशात आहे तो भाडेकरू खिडकीसमोरच्या रुळांमुळे निघून गेला तर?

पण बोगद्याची बाजू मला पटत नाही. शेजारी नदी आहे आणि जमिनीखाली उथळच पाणी. २०१३च्या जूनमध्ये बो आणि एल्बो या दोन्ही नद्यांना पूर आला, डाउनटाउन रिकामं करावं लागलं, दक्षिणेकडचे सी-ट्रेनचे रूळ उखडले. अशा ठिकाणी जमिनीखाली स्थानक खोदायचं म्हणजे पाण्याशी पैज. ती जिंकता येते, पण पैसे मोजून. वर दाखवलेले सात किलोमीटर तिथेच गेले.

हे मी बोलत नाही. अशिलासमोर आपण खांबांबद्दल बोलायचं असतं.

संध्याकाळी ४.१५

ऑफिसात परत. जानेवारीतल्या सभेचं चित्रीकरण पुन्हा लावते. कोणत्या अटी घातल्या ते अहवालात अचूक यायला हवं. तेव्हाच्या महापौर ज्योती गोंडेक आणि चौदा नगरसेवक. सभा लांबते, नियमावलीवर वाद होतात, कोणीतरी दुरुस्ती सुचवतं, दुरुस्तीला उपदुरुस्ती. पुण्यातल्या सर्वसाधारण सभेची सवय असलेल्याला एवढंच नवल वाटेल की इथे कोणी कागद भिरकावत नाही. ठरलं ते असं: आग्नेयेकडचा भाग पुढे न्यायचा, डाउनटाउनच्या उन्नत भागाचा सविस्तर अभ्यास आधी करायचा.

म्हणजे सोपं ते आधी, अवघड ते नंतर. मला हे पटतं आणि भीतीही वाटते. डाउनटाउनमध्ये न शिरणारी रेल्वे कोणाच्या कामाची? महापालिकेच्या निळ्या काचेच्या इमारतीखाली बोगद्याचा एक लहानसा तुकडा बांधून ठेवलेला आहे. आठव्या अ‍ॅव्हेन्यूखालून पुढे कधीतरी गाडी न्यायची होती, तिची सुरुवात. इमारत १९८५ची. तो तुकडा आजवर रिकामाच आहे. याच इमारतीत वर बसून नगरसेवक मतदान करतात.

संध्याकाळी ६.१०

परतीची ३०२. शेजारच्या सीटवर हॉस्पिटलच्या रात्रपाळीला निघालेली नर्स. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन अहवालाचं शेवटचं पान लिहिते: धोके, खबरदारी, पुढचे टप्पे. स्वतःचं मत लिहायला त्यात रकाना नसतो, म्हणून इथे लिहिते.

२०२४च्या सप्टेंबरात काम थांबवलं तेव्हा १.३ अब्ज डॉलर खर्च झालेले होते आणि काम बंद करायलाच आणखी किमान ८५ कोटी लागतील असा अंदाज होता. रूळ एक मीटरही पडला नव्हता. बोगदा चूक की खांब चूक यावर दोन्ही बाजूंनी हुशार माणसं भांडली आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पण जमिनीवरून जाता येत नाही हे २०१७ सालीही दिसत होतं, दहाव्या अ‍ॅव्हेन्यूमागचे रूळ काही काल आलेले नाहीत. तेव्हाच गाडी वर घेतली असती, तर आज खांबांना कोणता रंग द्यायचा यावर भांडण चाललं असतं. ते मी आनंदाने भांडले असते.