नर कशासाठी येतो?

अळी लागलेले झाड गंध सोडून आपल्या रक्षणार्थ परोपजीवी गांधीलमाशीला बोलावून घेते, ही कथा व्याख्यानांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून इतक्या भाविकतेने सांगितली जाते की, तिच्यात तथ्याचा अंश आहे हे मान्य करूनही तिचा एकदाचा खुलासा करणे भाग आहे.

गंध खरा आहे. टर्लिंग्स, टमलिन्सन व लुईस यांनी १९९० साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिले की, मक्याचे पान नुसते ओरखडल्याने विशेष काही घडत नाही. परंतु त्याच जखमेवर अळीच्या मुखातील स्राव लावला असता काही तासांनी रोपातून जे गंध दरवळू लागतात, त्यांच्या रोखाने कोटेशिया या परोपजीवी गांधीलमाशीची मादी अळीच्या शोधात येते. मात्र एवढ्यावरून मक्याने फिर्याद गुदरली आणि माशी फौजदार होऊन हजर झाली, असा निवाडा देणाऱ्यांनी एवढेच सांगावे : मग नर कशासाठी येतो? त्याला मादीसारखी अळीत अंडी घालायची नसतात. अळी जगली काय नि मेली काय, त्याला सोयरसुतक नसते. तरीही स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठातून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासलेल्या चारही जातींचे नर अळीग्रस्त झाडाच्या गंधाकडे ओढले गेले. कारण उघड आहे. जेथे अळी, तेथे आज ना उद्या मादी यायचीच; आणि अळीचे शरीर पोखरून बाहेर पडलेली कोटेशियाची पिल्ले आपले रेशमी कोशही तेथेच विणतात. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या मादीचा कामगंध तो कितीसा असणार! झाडाच्या गंधावरून मुलूख कळतो, कामगंधावरून घर. झाडाचा यात कधी लाभ होतो, हे कोणी नाकारीत नाही. पण माशी येते ती स्वतःच्या कामासाठी.

या माश्यांविषयीच्या इतर समजुतींचा निकाल थोडक्यात लावता येतो. कामगंध मादीच सोडते, हे खरे नाही : नासोनिया या परोपजीवी गांधीलमाशीचा नर पोटाचे टोक जमिनीला घासत आपला गंध मांडून ठेवतो, कुमारी मादी त्याकडे येते आणि समागमानंतर त्याच गंधाकडे पाठ फिरवते. समागमावाचून संतती नाही, हेही चूक. बहुतेक जातींत अफलित अंड्यांतून नर निपजतात, फक्त मुली होत नाहीत. आणि या माश्या माणसाला डसत सुटतात, ही तर निव्वळ भीती.

झाडाच्या हाकेवर न विसंबता उसाच्या फडात ट्रायकोकार्डे, म्हणजे ट्रायकोग्रामा या परोपजीवी गांधीलमाशीची कार्डे, लावून लागलीच कीटकनाशक फवारणाऱ्यांना मात्र विनंती एवढीच : त्या औषधाने ट्रायकोग्रामाही मरतो; कार्डांनंतर काही दिवस तरी फवारणी थांबवावी.