माघातली वारी आणि खांद्यावरची पडशी

बुलढाण्याच्या माणसाला थंडीची ओळख आहे, पावसाची आहे आणि उन्हाशी तर त्याचे जन्माचे नाते आहे. पण हे तिन्ही पाहुणे एकाच दिवशी, न सांगता-सवरता दारात उभे राहिले म्हणजे त्याचीही तारांबळ उडते. माघ वद्य सप्तमीला शेगावी गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो. त्यासाठी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून लहानमोठ्या दिंड्या पायी निघतात. वसंतपंचमी होऊन गेलेली असते. घाटात पळस फुलू लागलेला असतो, आंब्याला मोहर आलेला असतो. पंचांग म्हणते, वसंताची चाहूल लागली. आणि पहाटे साडेतीनला चालू लागलेल्या माणसाचे दात म्हणतात, छे, नाव नको!

आमची दिंडी लहान, पन्नास-साठ माणसांची. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळा, तेथून नांदुरा आणि नांदुऱ्याहून शेगाव, अशी तीन दिवसांची चाल. तीत सामान पाहण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. काम मानाचे नव्हे. टाळ वाजवणाऱ्याला लोक नमस्कार करतात, वळकट्या मोजणाऱ्याला ‘माझी पिवळी पिशवी कुठे टाकली?’ म्हणून विचारतात. पण पन्नास माणसांची बोचकी वर्षानुवर्षे उचलल्यावर कोण काय घेऊन निघतो आणि त्यातले वेळेवर काय कामी येते, याचे जे ज्ञान होते ते दुसऱ्या कोणत्याही वाटेने होत नाही.

पहिली अडचण तारखेची. महाराज शेगावात प्रथम दिसले तो दिवस होता २३ फेब्रुवारी १८७८. पण उत्सव तिथीवर चालतो आणि तिथी काही इंग्रजी महिन्याला बांधलेली नाही. २०१८ साली ही सप्तमी ७ फेब्रुवारीला आली, तर २०२४ साली थेट ३ मार्चला. म्हणजे जवळजवळ एका महिन्याचा फरक! एका वर्षी वारी हिवाळ्याच्या शेपटावर, तर दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी. ‘मागल्या खेपेला स्वेटर लागलाच नव्हता’ असे म्हणून तो घरी ठेवणारा गृहस्थ दर दिंडीत एक तरी असतो. मागल्या खेपेचा अधिक महिना त्याच्या हिशेबात नसतो.

दुसरी अडचण जमिनीची. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच. घाट उतरला की आपण पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे आमच्या भाषेत पायनघाटात येतो. तेथली उंची याच्या निम्म्याहूनही कमी. साहजिकच नवखा माणूस समजतो, की थंडी घाटावर राहिली, खाली आता ऊबच ऊब. दुपारी हे खरे असते. पहाटे मात्र नेहमीच खरे नसते. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला म्हणजे काळी उघडी जमीन रात्रभर आपली ऊब वर सोडत राहते, आणि थंड हवा जड असल्याने पाण्यासारखी उतारावरून वाहत खोलगट भागात साचते. घाटावर ज्याला नुसत्या शालीने भागले, तोच मोताळ्याच्या पुढे नाल्याकाठी आला की कुडकुडतो. एखाद्या वर्षी पहाटे बारा-तेरा अंश आणि दुपारी तेहतीस, असाही दिवस येतो. त्यातून सर्वांत कडक थंडी मध्यरात्री नसते. ती असते उजाडण्याच्या सुमारास. नेमकी चालणाऱ्याच्या अंगावर घाम आलेला असतो तेव्हा!

तिसरी अडचण टेम्पोची, आणि या लेखाचे खरे कारण तीच आहे.

पूर्वी वारकरी आपले ओझे आपण वाहत असे. त्यामुळे तो थोडे नेई, पण जे नेई ते खांद्यावर असे. आता दिंडीबरोबर टेम्पो असतो. त्यात भांडी, शेगडी, तांदूळ आणि पन्नास वळकट्या जातात. मोठी सोय झाली, यात वाद नाही. पण टेम्पो चालणाऱ्यांबरोबर चालत नाही. स्वयंपाकाची तयारी करायची म्हणून तो पुढल्या मुक्कामी आधीच जाऊन उभा राहतो. म्हणजे तुमचा स्वेटर नांदुऱ्यात, चादर नांदुऱ्यात, कानटोपीही नांदुऱ्यात, आणि तुम्ही मात्र मोताळ्याच्या पुढे अंधारात, अंगात एक सदरा घालून! अशा कपड्यांना मी कपडे म्हणत नाही. घरच्या कपाटात राहिले काय आणि टेम्पोत राहिले काय, सारखेच.

एका वर्षीची गोष्ट. दुसऱ्या दिवशीची पहाट, चारचा सुमार. आभाळ भरून आले होते, म्हणून रोजच्यासारखा गारठा नव्हता. सगळे खुशीत होते. आमच्या दिंडीत एक आत्या आहेत. नात्याने माझ्या नव्हेत, पण सगळ्या दिंडीच्या आत्या. तेव्हा वय सत्तरीच्या घरात. नऊवारी लुगडे, पायांत स्लीपर, हातात टाळ. त्यांची शाल आणि स्वेटर सुनेने टेम्पोत टाकले होते. ओझे नको, हा तिचा हेतू चांगलाच होता. तासाभराने वारा सुटला आणि पाठोपाठ पाऊस आला. मोठा नव्हता, अर्धा तासच पडला. पण वाऱ्याने आडवा मारत होता. आम्ही एका गावच्या शाळेच्या पडवीत शिरलो तोवर सगळे निथळत होते. आत्या आधी चांगल्याच थरथरत होत्या. मग थरथर थांबली. जवळच्या बायका म्हणाल्या, ‘झालं, आता बरं वाटतंय त्यांना.’ मी विचारले, तर आत्यांचे शब्द जड पडत होते, अभंगाचे चरण मागेपुढे होत होते. ‘मले काही नाही झालं रे बाप्पा, थोडं पडू दे,’ एवढेच त्या सांगत होत्या.

भिजलेल्या माणसाची थरथर कोरडे कपडे मिळण्याआधीच थांबली, तर ते बरे वाटण्याचे लक्षण नव्हे. अंगाने हार खाल्ल्याचे ते लक्षण असते. त्यासाठी हिमालयात जावे लागत नाही. ओले अंग, वारा, थकवा आणि वय एवढ्यावर ते वऱ्हाडातही होऊ शकते. बायकांनी आडोसा धरून आत्यांचे ओले लुगडे सोडले. माझ्या पडशीत प्लॅस्टिकमध्ये बांधलेले एक कोरडे धोतर आणि बंडी होती, ती त्यांना दिली. वरून एका धनगर भावाची घोंगडी गुंडाळली, डोक्याला कोरडा पंचा बांधला आणि दोन्ही बाजूंना दोन बायका अंगाला अंग लावून बसल्या. हातपाय चोळायला धावलेल्यांना मागे सारले. अशा वेळी ऊब आधी पोटाछातीला हवी. चोळण्याने भले होत नाही. गावातल्या एका माउलीने चहा आणला. आत्यांना तो नीट गिळता येतो हे पाहून गोड चहा घोट घोट पाजला. अर्ध्या तासाने थरथर पुन्हा सुरू झाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. उजाडल्यावर गाडी बोलावून त्यांना दवाखान्यात नेले. दुपारी त्या नांदुऱ्यात येऊन बसल्या आणि ‘माह्या टाळ कोणी नेला?’ म्हणून भांडू लागल्या.

त्या वर्षापासून आमच्या दिंडीत नियम झाला: टेम्पोत काय हवे ते टाका, पण प्रत्येकाच्या खांद्यावर एक पडशी हवीच. ती दोन किलोंच्या वर जाता कामा नये आणि निघण्याच्या आदल्या दिवशी काट्यावर तोलून दाखवायची. पडशीत काय? एक कोरडा जोड, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. हा जोड काही झाले तरी चालताना घालायचा नाही. एक लोकरीची बंडी किंवा बिनबाह्यांचा स्वेटर, कारण छाती आणि पाठ उबदार राहिली की हात मोकळे राहिलेले चालतात. कानटोपी. पंचा, जो पहाटे कानांना, दुपारी डोक्याला आणि एरवी घामाला. मोजांचा एक जादा जोड. अनवाणी चालण्याचा नवस असणाऱ्यांनीही मुक्कामी घालण्यासाठी मोजे न्यावेत. महाराज रागावणार नाहीत. मूठभर गूळ-शेंगदाणे. आणि पावसासाठी पोत्याची खोळ.

या खोळीची शहरी मंडळींना गंमत वाटते. खताचे रिकामे प्लॅस्टिकचे पोते स्वच्छ धुवायचे, त्याचा एक खालचा कोपरा दुसऱ्यात खोचायचा, की डोक्यापासून कमरेपर्यंत टोपरे तयार. किंमत शून्य, वजन नाममात्र. मागे पडशीही त्याखाली झाकली जाते. छत्री वाऱ्यात उलटी होते, रेनकोटात घामाने आतूनच भिजायला होते. खोळ समोरून उघडी, त्यामुळे वारा खेळतो.

आमच्यातला एक तरुण पुण्याहून फुगीर जॅकेट घेऊन आला होता. म्हणाला, ‘काका, हे घोंगडं कायले वागवता? हे पाहा, मुठीत मावते.’ खरोखरच मावत होते, आणि कोरड्या थंडीत ते उत्तम. पण पिसांचे किंवा हलक्या भरणाचे कापड भिजले की त्याचा लगदा होतो. घोंगडीची लोकर पाणी धरूनही बरीच ऊब राखते. शिवाय धनगर तिला चिंचोक्याची खळ देतो, त्यामुळे थोडा पाऊस वरच्यावर ओघळतो. तिचा दोष एकच, वजन. पुरती भिजली तर गाढवाचे ओझे! म्हणून दर माणसी घोंगडी नको. दहा जणांत एक पुरे, आणि ती पाळीपाळीने वाहावी.

बायकांच्या पोषाखाबद्दल पुरुषाने फार बोलू नये. पण शेतात जाणाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषी सदरा घालतात, ती युक्ती मला लाखमोलाची वाटते. पहाटे थंडी, दुपारी ऊन, दोन्ही त्या लांब बाह्यांवर अडते, आणि नको झाला की सदरा काढून कमरेला बांधता येतो. आत्या आता आपल्या मुलाचा जुना चौकडीचा सदरा घालून चालतात.

राहिली गारपीट. फेब्रुवारी-मार्चात दमट वारे आणि उत्तरेकडील कोरडी थंड हवा यांची गाठ पडली की दुपारनंतर बघता बघता ढग मनोरे बांधतात. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रभर गारांनी उभी पिके झोपवली, हे कोणी शेतकरी विसरणार नाही. २०१८ साली तर प्रकटदिन झाला आणि चारच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, बुलढाणा जिल्ह्यात गारा कोसळल्या; गहू-हरभरा गेला. चार दिवस अलीकडे येत्या तर हजारो पायी माणसे उघड्यावर होती. गारेला पोषाख नाही. निंबाखाली उभे राहू नये, कारण गारेबरोबर वीज असते. शाळा, देऊळ, जे पक्के छप्पर दिसेल ते गाठावे. तेही नसेल तर पडशी डोक्यावर धरून झाडांपासून दूर, खोलगट जागी उकिडवे बसावे. पडशीतले कोरडे कपडे तेवढ्यापुरते शिरस्त्राणाचे काम करतात.

शेगावला पोहोचल्यावर दर्शनाच्या रांगेत आमची मंडळी लांबून ओळखू येतात. इतरांचे हात मोकळे, आमच्या प्रत्येकाच्या खांद्यावर पडशी. परतताना एस.टी.त बसल्यावर काही जण ती फळीवर टाकतात. आत्या मांडीवर ठेवतात आणि खिडकीतून आभाळाकडे बघत गूळ-शेंगदाणे वाटू लागतात.